ओनोरेकाकांचं कपाट

मोरिसेतनं उभा जन्म रूआँ शहरात बस चालवली, प्रत्येक संपात पुढं उभी राहिली, साहेबांच्या तोंडावर खरं बोलली. निवृत्त झाल्यावर तिनं नॉर्मंडीतल्या एका खेड्यात सुट्टीपुरतं घर घेतलं. हात वर केला की तुळईला लागावा, इतकं बुटकं. त्यात दुकानातली एकही नवी वस्तू तिनं आणली नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर गावोगाव लोक माळे रिकामे करून जुनंपानं रस्त्यावर मांडतात, तिथं ही उजाडताच हजर. पीठ मळायची काथवट, टवके उडालेला सूप उकळायचा टोप, एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या. मेल्यांचा संसार गोळा करतेस, असं बहीण म्हणे. त्यांनी तो जपून तरी वापरलाय, तुझी कपबशी वर्षभर टिकत नाही, हे मोरिसेतचं उत्तर.

शेजारचे ओनोरेकाका घर सोडून लेकीच्या फ्लॅटमध्ये निघाले होते. त्यांच्या आईचं लग्नातलं कपाट तिथं मावणार नव्हतं. ओक लाकडाचं, दारांवर कबुतरांची जोडी कोरलेली. पॅरिसच्या एका व्यापाऱ्याला त्यात दारूच्या बाटल्या मांडायच्या होत्या, काकांनी त्याला फाटकातूनच परतवून लावलं. कपाट मोरिसेतला दिलं, एका अटीवर: त्याला करवत लावायची नाही. रविवारी बघायला येतो म्हणाले.

अशा कपाटाला खिळा नसतो. लाकडी खुंट्या ठोकून काढल्या की ते सुटं होतं. मोरिसेत आणि बहिणीचा नवरा रेजिस यांनी फळ्या आत आणून जोडल्या, आणि वरची कोरीव पट्टी बसवायला गेले तर तुळई आडवी आली. चार बोटं जास्त.

रेजिसनं करवत उचलली. "ताई, पाय कोण बघतंय? अख्ख्या गावानं कापलेत."

ते खरंच होतं. गावातली निम्मी कपाटं ढोपरातून कापलेली. मोरिसेतनं एकदा तुळईकडं, एकदा पायांकडं पाहिलं, कारण कपाट तिला मनापासून हवं होतं. मग तिचं डोकं फिरलं.

"शब्द दिलाय मी. ठेव ती खाली, नाहीतर आधी तुझे कापीन."

तिनं कपाट पुन्हा सुटं केलं, जमिनीच्या लाल फरश्या उचकटल्या आणि पाय जातील तिथं मातीत खड्डे खणले. रविवारी ओनोरेकाका आले तेव्हा कपाट पुरतं उभं होतं, पाय जमिनीत रुतलेले. काका वाकून बघत राहिले. मोरिसेतला वाटलं, आता म्हणतील, परत द्या.

"बाई, तुम्ही वेड्या आहात," ते म्हणाले. "ओल चढेल. कुजतील ना पाय."

ते तरातरा निघून गेले आणि आपल्या छपराच्या पाटीदगडाचे, स्लेटचे, जाड तुकडे घेऊन आले. रेजिससकट तिघांनी कपाट पुन्हा उकललं, खड्डे खोल केले, तळाशी दगड बसवले. घामाघूम झाल्यावर सफरचंदाची सायडर प्यायले. मग काका इकडचं तिकडचं बोलत राहिले, उठेचनात. शेवटी खाली बघत म्हणाले, की आईच्या चादरी आहेत, तिनं स्वतः दोऱ्यानं नाव भरलेल्या. लेक म्हणते जागा नाही.

मोरिसेतनं कपाटाचं दार उघडलं.

"खालचे दोन खण तुमचे, काका. पण चादर हवी तर स्वतः यायचं. मी पोचवायला येणार नाही, बस चालवणं सोडलंय मी."

काका त्याच संध्याकाळी पहिला गठ्ठा घेऊन आले. दुसरा पुढच्या रविवारी आणतो म्हणाले.