बेसच्या डब्याचं मुंडकं

बेस गिटार वाजवणाऱ्याकडं कुणी बघत नाही. लोक गायकाकडं बघतात, ढोलकीवाल्याच्या बोटांकडं बघतात, आम्ही आपले मागं उभे. बेस अचानक थांबला तर मात्र सगळ्यांच्या माना वळतात. माझ्याकडं अशा माना एकदाच वळल्या, त्याला आता किती वर्षं झाली. विसरून जा, असं बायको सांगते. मला राग धरून ठेवायची खोड आहे आणि हा राग तर मी जपून ठेवलाय.

तेव्हा मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत विजेच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळायच्या कामावर होतो. आमचं घराणं वैजापूरकडचं, मेंढरांमागं फिरणारं. वडील म्हणायचे, "आम्ही लोकर वळली, पोरगं तार वळतंय, त्यात काय एवढं." कारखान्यातल्याच पाच जणांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढला होता. म्होरक्या होता मेंटेनन्समधला इलेक्ट्रिशियन, पैठणकडच्या बागायतदार घरातला. तो अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा आणि आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. गायक होता पेंटशॉपमधला, बौद्ध, खणखणीत आवाजाचा. तालमी दादाच्या सिडकोतल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत व्हायच्या आणि सामानही तिथंच राहायचं.

माझा बेसचा डबा मुंबईहून जुना आणलेला होता. एकाच लाकडी पेटीत खाली स्पीकर आणि वर अँप्लिफायर. विकणारा त्या वरच्या भागाला हेड म्हणाला, म्हणून आम्ही त्याला मुंडकं म्हणायला लागलो. ते मुंडकं जन्माचं दमेकरी. जोराचा ठोका दिला की आवाज फाटायचा आणि तापलं की घरघरून गप्प व्हायचं. शेवटी दादा म्हणाला, "धड चांगलं हाय गड्या. मुंडकंच बदलू."

त्यात आमचे कितीतरी रविवार गेले. सर्किट दादानं जुळवलं, ट्रान्सफॉर्मर मी घरी हातानं गुंडाळला. दणकट, जुन्याच्या दुप्पट वजनाचा. शेवटचा वेढा सुती फितीनं बांधला आणि वर वडिलांची गाठ मारली, ते कोकरू खुंटाला बांधताना मारायचे तीच. मग डब्याच्या मागचे चार स्क्रू काढून जुनं मुंडकं बाहेर ओढलं, नवं आत सरकवलं आणि स्पीकरच्या दोन तारा जोडल्या. समोरची पट्टी आणि बटणं तेवढी जुनीच ठेवली. पहिला ठोका दिला तेव्हा खिडकीची काच थरथरली. दादानं मला मिठी मारली आणि जुनं मुंडकं माळ्यावर टाकून दिलं.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कँटीनमध्ये लोक आपापल्या माणसांची टेबलं धरून बसायला लागले होते. गायक सत्याग्रहात जाऊन हर्सूलच्या जेलात आठवडाभर राहून आला. तालमीत आम्ही तो विषय काढायचो नाही आणि त्या न काढण्यालाच आम्ही दोस्ती समजायचो.

एप्रिलात त्याच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम ठरला. त्यानं स्वतः एक गाणं बांधलं होतं. त्याची सुरुवात एकट्या बेसनं होती, आणि ती त्यानं माझ्यासाठीच तशी ठेवली होती. त्यानं आम्हा सगळ्यांना बोलावलं. ढोलकीवाल्याकडं नेमके पाहुणे यायचे होते, ड्रमवाल्याला आठ दिवस आधीच ताप आला. दादाच्या गावाकडं कुणाचं तरी लग्न निघालं. मला काही सबब सुचली नाही. भीती मलाही वाटत होती. वडिलांची मेंढरं ज्यांच्या रानात खतासाठी बसायची, ती माणसं नामांतराच्या नावानं बोटं मोडणारी. उद्या त्यांनी रान बंद केलं तर कळप न्यायचा कुठं? तरी मी येतो म्हणालो.

गायक म्हणाला, "वस्तीत सगळे म्हन्ले, ते लोक काय येत नसतात. मी म्हन्लं, माझा भाऊ येतो."

दादाला मी हे सांगितलं. तो हसून म्हणाला, "जा की. आपन कलाकार मानसं. लग्नाला निघायच्या आधी मी सवता डबा टेम्पोत चढवून देतो." आणि तसा त्यानं दिलाही. डब्यावर घोंगडं बांधून ठेवलेलं होतं. जिना उतरताना एका बाजूनं त्यानं धरला, एका बाजूनं मी.

वस्तीत पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. निळ्या पताका, पुढं बसलेल्या बाया, त्यात गायकाची आई नवं लुगडं नेसून. मला कुणीतरी लगेच पाणी आणून दिलं. घोंगडं सोडलं, बटणं ओळखीचीच होती. गायकानं माइकवरून सांगितलं की सुरुवात माझा भाऊ करील.

पहिला ठोका फाटला. दुसऱ्याला घरघर झाली. तिसऱ्याला काहीच आलं नाही.

माना वळल्या. पहिल्या रांगेतला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "राहू द्या पाव्हणं. आमच्याकडं येता येता बिघडतंच." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. गायकानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि वस्तीतल्या पेटीवाल्याला खूण करून बेसशिवायच गाणं उचललं. पहिल्या कडव्यात त्याचा आवाज कापत होता.

मी डबा स्टेजमागं ओढला आणि चारही स्क्रू काढले. आत गंजका, लहानसा ट्रान्सफॉर्मर होता. ना फीत, ना गाठ. माळ्यावरचं मुंडकं पुन्हा धडावर येऊन बसलं होतं. समोरची पट्टी त्यावर परत चढवलेली, आणि तिच्यावर एक ओरखडा नव्हता. इतकं सफाईदार काम आमच्यात एकाच माणसाचं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं की लाजेचं, ते मला आजही सांगता येत नाही.

दोन दिवसांनी दादाला कँटीनमध्ये गाठलं. मला वाटलं होतं, नाकबूल करील. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, "तुझ्या भल्यासाठीच केलं. तुला नाय म्हनता येत नाय, म्हनून तुझ्या वतीनं मी म्हन्लो. तू गेलास बी आन वाजवलं बी नाय. उद्या गावात कोन बोट दाखवील तुझ्या बापाला?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. वर त्याची अपेक्षा होती की मी आभार मानावेत. संध्याकाळी त्यानं नवं मुंडकं चादरीत गुंडाळून घरी आणून दिलं. एक तार तुटलेली नव्हती. त्या दिवसापासून मी त्याच्या खोलीचा जिना चढलो नाही.

ते मुंडकं घेऊन मी गायकाच्या घरी गेलो. अंगणात चादर सोडली, फीत दाखवली, गाठ दाखवली, घडलं ते सगळं सांगितलं. मग खाली वाकून त्यानं मुंडकं दोन्ही हातांनी उचललं, जरा तोललं आणि परत ठेवलं.

"हे तू सवता गुंडाळलंय," तो म्हणाला. "कवा बी तूच उचलतोस. त्या दिवशी जिन्यावरनं उतरवताना हाताला कळलं नाय?"

"नाय कळलं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, बरं म्हणाला आणि आत गेला. पुढं पेंटशॉपवरून जाताना दिसायचा, पण भाऊ म्हणून त्यानं परत हाक मारली नाही.

मी खोटं बोललो होतो. खरं सांगितलं असतं तर त्याला पटलं नसतं, अशी समजूत मी घालून घेतली. डबा हलका लागला होता. पहिल्याच पायरीवर लागला होता. दादा खालच्या बाजूला होता, आणि मला वाटलं, आज यानं माझ्या वाट्याचं ओझंही स्वतःवर घेतलंय. खाली पोचल्यावर मी त्याला विचारलंसुद्धा, "दमला का दादा?"

तो म्हणाला, "तुझ्यासाठी एवढं बी करू नाय का?"