मेलेला सिलिंडर

सकाळी गॅलरीखालून एक जुना ट्रक पांढरा धूर सोडत, थडथडत गेला आणि कच्च्या डिझेलच्या वासासरशी मी मनानं परतवाड्याला पोचलो. तिथं माझाही ट्रक असाच झटके खात उभा होता. रहीमचाचा मिस्त्री चालू इंजिनवर वाकून एकेका सिलिंडरचा डिझेलचा पाइप ढिला करून बघत होते. दरवेळी इंजिनचा आवाज पडायचा. शेवटच्या पाइपाला मात्र तो जसाच्या तसा राहिला.

"आयकलं का? याले बंद केलं तरी बाकीच्याइले पत्ता नाही," चाचा म्हणाले. "हाच मेला हाये."

मी तेव्हा खळखळून हसलो होतो.

आता अकोल्यात लेकाच्या घरी राहतो. काल दिवसभर मी मुद्दाम एक शब्द बोललो नाही. घराचा आवाज जसाच्या तसा राहिला.