विजयमालाबाईंनी मैदानात मांडलेलं रगत

वळसंगच्या शाळेत मी खिचडी शिजवती, म्हणून विजयमालाबाईंना रोज बघती. बाई विज्ञान शिकवत्यात. एकदा मनावर घेतलं की हेडमास्तरसुदिक त्यांना अडवत न्हाईत.

यंदा त्यांनी सातवीतल्या संस्कृतीचं मनावर घेतलं. पोरगी पांढरीफटक. दोन पायऱ्या चढली की धाप लागायची. बाई म्हणाल्या, रक्त तपासा. पर तिची आजी दगडाबाई भांडायला लई वस्ताद. "आदीच पोरीच्या अंगात रगत न्हाय, त्यात तुमी आनिक काढताय व्हय? जावा की गप!"

बाई दोनदा गेल्या, दोनदा हात हलवत आल्या. मी म्हणलं, "सोडा की बाई, कशाला त्या म्हातारीच्या नादी लागताय?"

तर माझ्यावरच डाफरल्या. "पोरीला उद्या काही झालं तर उत्तर तुम्ही देणार का, केराबाई?"

मग बाईंनी मैदानात फक्कीनं अख्खं शरीर आखलं. लिंबाखाली फुप्फुसं. मधी वर्गातला बिरप्पा हलगी घेऊन, ते हृदय. दांडकीवाली पोरं पांढऱ्या पेशी, रोगाला हाकलायला. चिखल घेतलेली पोरं रक्तपट्टिका, जखम बुजवायला. बाकीची लाल पेशी. त्यांनी लिंबाखालनं तांब्या भरून पायापतुर पोचवायचा. पाणी म्हंजे प्राणवायू.

खेळ रंगला, तशा बाईंनी निम्म्याहून जास्त लाल पेशी खाली बसवल्या. "आता एवढ्यांवरच भागवा. बिरप्पा, जोरात वाजव!"

उरलेली पोरं पळून पळून घामाघूम. हलगी नुसती कडाडत व्हती. शेवटी बिरप्पा वरडला, "बाई, हात भरून आले की!"

संस्कृती छातीवर हात ठेवून उठली. "बाई, माझं असंच वाजतंय. बसल्या जागी बी."

दगडाबाई नातीला न्यायला फाटकात आलेली. तिनं समदं ऐकलं. दबकत इचारलं, "काडलेलं रगत परत भरतंय का?"

"थेंबभरच घेतात, आजी. ते अंगात पुन्हा तयार होतं."

दुसऱ्या दिशी आमी समद्या दवाखान्यात. म्हातारी नर्सला म्हणाली, "पयलं माझं बोट टोचा. किती दुकतंय बगू, मग पोरीचं."

संस्कृतीच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हातारीच्या अंगात त्याहून कमी.

दगडाबाई खालीच बसली. "मला वाटायचं, बाईमाणसाला धाप लागतीच. माझी आई बी अशीच छातीला हात लावून बसायची."

बाईंनी डोळे पुसले, नर्सकडनं डॉक्टरांची वेळ घेतली आन् माझ्याकडं वळल्या. "केराबाई, बोट."

मी पदराला हात पुसून पुढं केलं.