नजर जॉबवर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. बायको गेली, तिलाही नाही. रावपुऱ्यात मला 'सर' म्हणून ओळखतात आणि माझी एक गोष्ट कौतुकाने सांगतात. ती गोष्ट चूक आहे. ती दुरुस्त करू शकेल असा माणूस मीच आहे — मी आणि आणखी एक.

आधी एक गैरसमज दूर करतो. आमच्या तंत्रशाळेत व्हीआरचे चष्मे आले तेव्हा म्हाताऱ्याने विरोध केला, असे काहीजण सांगतात. साफ खोटे! एका लेथभोवती वीस-वीस पोरे टाचा उंचावून उभी राहत. मागच्यांना दिसे ती फक्त माझी पाठ. तो डबा डोळ्यांवर चढवला की प्रत्येकजण थेट लेथपुढे उभा राहतो, मान वळवेल तिकडचे पाहतो आणि बोटे शाबूत राहतात — याला मी विरोध कशाला करीन? उलट त्या चष्म्यातल्या धड्याच्या चित्रीकरणासाठी मीच उभा राहिलो. निवृत्त झालो होतो, तरी बोलावणे मलाच आले. दुसऱ्या कोणाला येणार होते?

आमचा लेथचा विभाग, तो टर्निंग शॉप, अजून माझ्या नाकात आहे. तापलेल्या तेलाचा वास, दुधाळ पाणी, लोखंडाच्या निळसर वळ्या, आणि धार बसली की बदलणारा लेथचा आवाज. तिथे माझा एकच नियम होता: नजर जॉबवर. घडवायच्या तुकड्याला आम्ही जॉब म्हणतो. त्याच्यावरून नजर हलली की मी ओरडत असे. आणि परीक्षाही एकच. पितळेच्या पोकळ बुशखाली तळहात लावायचा आणि आपण कातलेला शाफ्ट वरून सोडायचा. खळकन पडला, नापास. अडकला, नापास. आतली हवा हळूच बाहेर सारत, सुस्कारा टाकत, स्वतःच्या वजनाने उतरला — तर पास. तो सुस्कारा ऐकण्यासाठी अख्खा वर्ग श्वास रोखून उभा असे. कुठे गेले ते दिवस?

हंसाचा शाफ्ट पहिल्या वर्षीच असा उतरला होता.

ती पादऱ्याहून बसने येई. बॅचमध्ये एकटी मुलगी. पहिल्याच दिवशी मागून कोणीतरी म्हणाले, "आ तो लेथ पर रोटली वणशे!" लेथवर पोळ्या लाटणार म्हणे; पोरे खिदळली. ती न वळता म्हणाली, "वणीश. गोळ तो थशे ने!" लाटेन की, गोल तरी होईल. मला स्वतःला असे उत्तर सुचले नसते. शिक्षण संपल्यावर ती आमच्याच टूल स्टोअरमध्ये कंत्राटी कामाला लागली. जाळीआड बसून पोरांना हत्यारे द्यायची. पण डोळा होता इन्स्ट्रक्टरच्या जागेवर. लपवत नसे. आणि का लपवावे?

आता चित्रीकरणाचा दिवस. कॅमेरा लेथ आणि माझे टेबल यांच्या मध्ये, तिपाईवर. "सर, हा चारी बाजूंनी बघतो, म्हणून आम्ही बाहेर थांबतो," चित्रीकरणाची मंडळी म्हणाली. मला ते ठाऊक होतेच. पण शिकणाऱ्याचे तोंड लेथकडे असते, त्याच्या पाठीमागचे टेबल हे माझे एकट्याचे राज्य — ही जन्माची सवय ऐन वेळी कशी मोडणार?

शेवटचा कट होता. डायलच्या दोन रेघा, बस्स. आणि माझा हात थरथरला. घरी त्या सुमारास चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरू लागलो होतो; बाहेर कोणाला कळू दिले नव्हते. मायक्रोमीटर लावला. जॉब मापाखाली गेला होता; बुशमध्ये खळकन पडला असता.

लोखंडाचा दुसरा कोरा बार चढवता आला असता. आणखी तासभर मागितला असता, तर कोण काय म्हणाले असते? कोणीही काही नाही. मी मात्र म्हणालो, "आता जॉब पुसून घेऊ," आणि टेबलाकडे वळलो. बार आणि हत्यारे तपासायला आदल्या दिवशी हंसाकडून एक नमुना कातून घेतला होता. तो खणात होता. पुसता पुसता मी — हो, मी तो बदलला. लेथपाशी येऊन बुशमध्ये सोडला. सुस्कारा टाकत उतरला. बाहेरून आत येत मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

एवढेच असते तर कदाचित गर्व म्हणून खपवले असते. पण पुढे काही महिन्यांनी इन्स्ट्रक्टरची जागा निघाली. निवड समितीने मला विचारले, "हंसाबेन कशी वाटते?" मी म्हणालो, "हात अजून कच्चा आहे."

का म्हणालो? इन्स्ट्रक्टर झाली असती तर तोच व्हिडिओ तिला रोज लावावा लागला असता. शाफ्टच्या टोकाची उतरती कड ती मी शिकवल्यापेक्षा किंचित रुंद ठेवी. कातारी स्वतःची कड ओळखत नाही काय? मला त्याची भीती होती. त्या भीतीला मी तिचा दोष हे नाव दिले.

जागा दुसऱ्याला मिळाली. काही कामाने मी तंत्रशाळेच्या ऑफिसात बसलो होतो; तिने तिथे स्टोअरच्या किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या, "आवजो, साहेब," म्हणाली आणि गेली. पादऱ्यात एका वर्कशॉपमध्ये पंपाचे शाफ्ट कातते, असे ऐकतो. तिला काही ठाऊक नाही, असे मी इतकी वर्षे धरून चाललो.

यंदा जुन्या विद्यार्थ्यांनी माझा सत्कार केला आणि तो चष्मा माझ्याच डोळ्यांवर चढवला. मी तो व्हिडिओ कधी पाहिला नव्हता. "नजर जॉबवर, सर!" कोणीतरी थट्टेने ओरडले. मी वळलो. पाठीमागे टेबल दिसले, उघडा खण, माझा हात. कोणी वळलेच नव्हते इतकी वर्षे — माझाच नियम.

आणि टेबलापलीकडे, टूल स्टोअरच्या जाळीआड, हंसा. सगळ्यांना बाहेर काढताना तिला कोणी मोजलेच नव्हते. ती पाहत होती. मी खण उघडला, तेव्हाही. मग मागून तो सुस्कारा ऐकू आला, आणि तिने तोंडावर हात धरला. ती हसत होती. जॉब पास झालेली पोर हसते तशी.

मी चष्मा काढला. "पाहिलंत सर? हात एकदासुद्धा थरथरला नाही!" एकजण म्हणाला. मी म्हणालो, "नजर जॉबवर असली की नाही थरथरत."

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

व्हिडिओत जो शाफ्ट उतरतो तो हंसाने कातलेला आहे. तिचा हात कच्चा नव्हता.