सावळारामच्या बादल्या

धसईच्या सावळारामने गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीत बादली हे चिन्ह घेतलं आणि लोकांच्या नीट लक्षात राहावं म्हणून घरोघर पत्र्याची एकेक बादली वाटली. मतं पडली अकरा. यंदा पुन्हा उभं राहायचं म्हणून तो गावाचं मन चाचपायला निघाला, तर अंगणाअंगणांत त्याच्या गंजलेल्या बादल्या मिरची, पुदिना नि कोथिंबीर सांभाळत बसलेल्या. एवढी लोकसेवा निवडून आलेल्यांनीही केली नव्हती.

“वहिनी, माझ्या बादलीला भोकं पाडली?” त्याने शेजारच्या गीताबाईंना विचारलं.

“पाणी साचलं का मुळं कुजतात, भावजी. यंदा चिन्ह कोणचं?”

“बादलीच.”

“बादल्या झाल्या पुष्कळ. झारी घ्या, मत नक्की देतो आमी.”

सावळाराम दुपारच्या एसटीने मुरबाडला जाऊन झाऱ्यांचा भाव काढून आला.