उतारावरचा झरा

सेमाडोहच्या घाटात एसटी बंद पडली, तेव्हा पाठीवर फवारणीचा पंप घेतलेल्या एका म्हाताऱ्यानं सागाच्या पानाचा द्रोण वळून मला झऱ्याचं पाणी दिलं.

"वरतं माह्या वावरात पाणी मुरते, आतल्या आत उतरते अन् इथं निघते. माती गाळून देते, भाऊ."

अकोल्यात मी बाटलीशिवाय पाणी पीत नाही. इथं दोन द्रोण प्यायलो. मग सहज विचारलं, "आज काय फवारलं?"

"तणनाशक. उरलेलं दरसाल वरतंच खड्ड्यात वततो. नाल्यात नाई टाकत मी, तिथं ढोरं पाणी पेतात."

द्रोण माझ्या हातात तसाच राहिला. त्यानं तो हळूच काढून घेतला, काठोकाठ भरला आणि डोळे मिटून प्यायला.