कुमुदताईंचा राग

नव्या विद्यार्थ्याला कुमुदताई दिघे पहिल्या दिवशी कॉम्प्युटरला हात लावू देत नसत. समोर बसवून विचारत, "तुझं कुणी वाईट केलंय?"

मी सांगितलं, "मिल बंद झाली तेव्हापासून बाबा घरी बसलेत."

"बढिया. मग शिकशील तू."

त्या स्वतः त्याच मिलच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. मिल बंद पडल्यावर, चाळिशी उलटलेली असताना, तुकोगंजच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये नाव घालायला गेल्या. मालक सगळ्या पोरांसमोर हसला. "काकी, आप घर पे पापड़ बेलो. ये नए ज़माने की चीज़ है." पोरंही हसली. हे सांगताना ताई आवाज चढवत नसत. मालकाचं हसणं तेवढं हुबेहूब काढून दाखवत.

पुढे पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात त्यांना नोकरी लागली. तिथे कॉम्प्युटर आणलेला होता, पण चालवणारं कुणी नव्हतं. सोबत आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचत, एकेक बटण दाबून बघत त्या शिकल्या. मग अन्नपूर्णा भागातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत एक जुनी मशीन मांडून त्यांनी क्लास काढला.

आम्ही अडलो तर त्या उत्तर देत नसत. "मला काय विचारतेस? आधी खुद ढूँढ." पुढे इंटरनेट आलं, तशी पोरं कॅफेतून पानंच्या पानं छापून आणू लागली. ताई ते कागद पालथे घालत. "आता तुझ्या शब्दांत बोल. हे लिहिणारा कोण? त्याला कसं कळलं? दुसरीकडे पडताळलंस?" कुणी कंटाळलं की त्याच्या जखमेवरची खपली काढत. मला म्हणत, "बाबांना गेटवरून हाकललं ना? चल, बस मग." मी बसायची.

तुकोगंजचा क्लास सोडून पोरं आमच्याकडे येऊ लागली. त्यांना ताई स्वतः चहा करून देत. शेवटी तो क्लास बुडाला आणि एका दुपारी मालक मशिनी विकायला आमच्या दारात आला. ताईंनी त्याला उभाच ठेवला. एकेका मशिनीची माहिती त्याच्याकडून वदवून घेतली आणि म्हणाल्या, "नहीं चाहिए."

तो गेल्यावर मी म्हटलं, "ताई, आपल्याला हव्या होत्या ना? एका मशिनीवर किती जण भांडतो आम्ही."

"हव्या होत्या गं. तुमचं नुकसान केलं मी. पण त्याला तसा परत जाताना बघायचं होतं मला."

त्या दिवशी त्यांनी फार सुंदर शिकवलं.

गेल्या वर्षी ताई गेल्या. शोकसभेत एक थकलेला म्हातारा बोलायला उठला. तोच मालक. "कुमुदजी हमारे यहीं से सीखी थीं. हमें गर्व है."

मी उठून उभी राहिले. "झूठ. आपने सिखाया नहीं, भगाया था. सबके सामने."

ताईंच्या बहिणीने माझा हात ओढला. "अगं, आज तरी सोड."

मी सोडलं नाही. त्याचं हसणं, ताई करून दाखवत तसंच, मी भर सभेत करून दाखवलं. म्हातारा भिंतीला धरून बाहेर गेला आणि तो चपला घालेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले.